आईची मशेरी सुटताना

देवगड,
कार्तिक शुद्ध सप्तमी

प्रिय मालू,

सप्रेम नमस्कार. गणपतीनंतर तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही, याची रुखरुख आहे. इकडे सर्वजण ठीक आहेत, माझा खोकला गेला आणि दादाची शुगर आटोक्यात आहे. आता मुख्य गोष्ट सांगते, कारण ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. आईने मशेरी सोडली आहे.

तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन मार्गशीर्षात ठरले. तपासताना डॉक्टरांनी विचारले, "आजी, तंबाखू खाता का?" आई शांतपणे म्हणाली, "नाय हो." मी मध्ये बोलण्याआधीच डॉक्टरांनी पुढचा प्रश्न टाकला, "आणि मशेरी?" तेव्हा आई म्हणाली, "ती दात घासूची वस्तू." तिच्या लेखी हे शंभर टक्के खरे होते. दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून कायद्याने बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूच्या पानाला कोण विचारतो? तव्यावर पान काळे होईपर्यंत उलटेपालटे करायचे, तळहातावर चुरडायचे, डबीत भरायचे आणि सकाळी डाव्या हाताच्या तर्जनीने हिरड्यांवर फिरवत पडवीत बसायचे, हे आपण दोघींनी लहानपणापासून पाहिले आहे. तो धूर घरात कोंडला की तुला शिंका आवरत नसत आणि काकी म्हणत, "हिका शाळेक दांडी मारूक निमित्त गावला."

डॉक्टरांनी ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी मशेरी पूर्ण बंद करायला सांगितले. निकोटीनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, जखमेपर्यंत रक्त आणि प्राणवायू कमी पोहोचतो, टाके उशिरा भरून येतात आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. आईने हे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली, "मगे महाशिवरात्रीक कुणकेश्वराक चलान जाऊक मिळात?" डॉक्टर म्हणाले की नीट व्यायाम केला तर बहुतेक मिळेल. दिवाळी झाल्यावर तिने डबी स्वतःहून माझ्या हातात दिली.

पण पुढचे दिवस फार कठीण गेले, मालू. साध्या बोलण्यावर चिडायची, रात्री उठून माजघरात फेऱ्या मारायची, दुखऱ्या गुडघ्यांनी! पोट साफ होईना. इतकी वर्षे मशेरी लावल्यावरच परसाकडे जायची सवय. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते, त्यामुळे ते बंद होताच पोट अडले. तिसऱ्या दिवशी तर ती रडली. मी तिला समजावत होते की निकोटीन आता तुझ्या अंगात उरलेले नाही, तेव्हा ती म्हणाली, "अंगातसून गेला तर माका असा कित्याक होता?"

या प्रश्नाचे उत्तर मी डॉक्टरांना विचारून आणि वाचून शोधले. तोंडात धरलेल्या तंबाखूतले निकोटीन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते. विडीचा झुरका दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत जातो. मशेरी सावकाश चढते, पण तिचा अंमल बराच वेळ टिकतो. त्याने अॅड्रेनॅलिन सुटते, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो आणि मेंदूत डोपामिन सुटून बरे वाटते. मग साधारण दोन तासांत रक्तातले निकोटीन निम्मे होते, आणखी दोन तासांत त्याच्या निम्मे, म्हणून रात्रभराच्या झोपेनंतर ते जवळजवळ संपलेले असते. पहाटेची पहिली मशेरी सर्वांत जिवाची का वाटते, ते इथे कळते. यकृत निकोटीनचे कोटिनीन करते. ते निम्मे व्हायला सोळा-सतरा तास लागतात, त्यामुळे रक्तात ते तीन-चार दिवस सापडते, जुन्या सवयीच्या माणसाच्या लघवीत त्याहून अधिक दिवस आणि केसांत तर काही महिने.

म्हणजे आईचे म्हणणेही खरे आणि माझेही. निकोटीन गेले, पण त्याच्यासाठी मेंदूने वाढवून ठेवलेल्या जागा शिल्लक आहेत. रोजचे जेवणारे येईनासे झाले तरी पाने मांडलेलीच राहावीत, तसे. त्या जागा पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी दोन-तीन महिने लागतात. तगमग पहिल्या दोन-तीन दिवसांत कळसाला पोहोचते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. हे मी आईला असेच सांगितले, तेव्हा ती जरा निवली. आपल्या मनाचा दुबळेपणा नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवे होते.

म्हणूनच काकींची डबी तू व्हाळात फेकलीस त्या दिवशीचे आपले भांडण मला या दिवसांत सारखे आठवते. माझे मत आजही तेच आहे: फेकून सुटत नाही. काकींनी दुसऱ्या दिवशी शेजारून चिमूट आणलीच होती. तुझा राग मात्र खरा होता, आणि गालाच्या आतला तो चट्टा पुढे काय निघाला, हे तू पाहिलेस. कॅन्सर मुख्यतः तंबाखूतल्या नायट्रोसअमाइनसारख्या द्रव्यांनी आणि भाजताना तयार होणाऱ्या विषांनी होतो; निकोटीनचे काम माणसाचा हात पुन्हा पुन्हा डबीकडे नेण्याचे. काकी आपल्या इच्छेने मशेरी लावत, असे लोक म्हणतात तेव्हा मला संताप येतो. ज्या पोरीच्या बोटाला दहा-बारा वर्षांची असताना घरच्याच बाईने मशेरी लावून दिली, तिच्या इच्छेला विचारले कोणी?

आता धास्ती आहे ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची. तुळशीच्या लग्नाला घर भरेल आणि कोणीतरी मायेनेच म्हणेल, "एकदा लावलास तर काय होता?" एका चिमटीने पुन्हा सुरू होते, म्हणून मी दादाला पडवीत बसवणार आहे. आई सध्या बडीशेप चघळते आणि पाणी भरपूर पिते, त्याने पोटही थोडे सुधारले आहे.

तुझ्या बदलीचे काय झाले? अनघाला दहावीसाठी माझे आशीर्वाद सांग. नवीन घराचे फोटो मिळाले, स्वयंपाकघर छान उजेडाचे आहे.

एक काम कर. आईला तल्लफ दुपारी चहाच्या आधी, तीनच्या सुमाराला येते आणि पाच-दहा मिनिटांत जाते. जमेल त्या दिवशी त्या वेळी तिला फोन लाव. काकींविषयी बोल, ती स्वतःहून तो विषय काढत नाही, पण तुझ्याशी बोलेल. मशेरी सोडणे कसे चालले आहे, ते मात्र विचारू नकोस.

तुझी,
शैला