वकिलीच्या प्रवेशाआधी उलटा हिशेब मांडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कायद्याच्या तीन वर्षांच्या पदवीची चौकशी करणाऱ्यांत हल्ली मुले शाळेत जाऊ लागलेल्या आया आणि पस्तिशी ओलांडलेले वडील बरेच असतात. त्यातल्या पुष्कळांना फौजदारी क्षेत्रातच काम करायचे असते. नाशिकमध्ये ते साहजिकही आहे. त्र्यंबक रस्त्यावर पोलीस अकादमी, नाशिकरोडला मध्यवर्ती कारागृह, मध्यवर्ती बसस्थानकाजवळ (सीबीएस) जिल्हा न्यायालय, शिवाय शहरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. हे सगळे रोज डोळ्यांसमोर असते. पण प्रवेशाच्या खिडकीवर प्रश्न दोनच विचारले जातात: फी किती आणि वर्ग किती वाजता. ज्या पदासाठी शिकायचे, त्याच्या वयोमर्यादेपासून मागे मोजत आले तर हातात किती वर्षे उरतात, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

पोलीस उपनिरीक्षकासाठी कमाल वय खुल्या प्रवर्गाला ३१, मागासवर्गीयांना ३४. शिपाई भरतीची मर्यादा त्याहून खाली. चाळिशीकडे झुकलेल्या पालकासाठी हे दोन रस्ते बंद आहेत, तेवढे स्वच्छ सांगून टाकावे. खरी फसगत होते ती सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणारा वकील, या पदात. लोकसेवा आयोगाच्या या पदाला पदवी पुरत नाही, पाच वर्षांची प्रत्यक्ष वकिली लागते आणि वयाची अट खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ अशी आहे. आता मोजा. चौतिसाव्या वर्षी प्रवेश, सदतिसाव्या वर्षी पदवी, बेचाळिसाव्या वर्षी अनुभव पूर्ण. खुल्या प्रवर्गातल्या बाईंना तिथवर पोहोचेपर्यंत चार वर्षे उशीर झालेला असतो. मागासवर्गीय उमेदवाराला जेमतेम एक वर्ष मिळते, तेही एखादा विषय मागे राहिला नाही आणि नेमक्या त्याच वर्षी जाहिरात निघाली तर. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आणि वकिलांसाठी वय ३५, मागासवर्गीयांसाठी ४०. म्हणजे खुल्या प्रवर्गातून तिशीच्या आत कायद्याला बसलेल्यालाच तो दरवाजा उघडा आहे.

पालकांना म्हणूनच लागू होणारी एक अट तर शेवटच्या अर्जापर्यंत लक्षातच येत नाही. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, नमुना अ. २८ मार्च २००६ किंवा त्यानंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर राज्य सरकारच्या गट अ ते ड मधील नेमणुकीला उमेदवार अपात्र ठरतो. अभियोक्ता, पोलीस, कारागृहातला लिपिक, सगळीकडे हे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. स्वतंत्र वकिलीला मात्र ही अट नाही. तीन मुलांच्या आईने वकिली जरूर करावी, फक्त सरकारी पदाच्या आशेवर वर्षे आणि पैसे घालू नयेत.

नाशिककरांसाठी सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा मुक्त विद्यापीठाचा आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या रस्त्याला आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या असंख्य बायकांना त्याने पदवीधर केले आणि ते मोलाचे काम आहे. पण कायद्याच्या शिक्षणाचे आणि वकिलीचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम सांगतात की आवश्यक मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला चालणार नाही. दहावी, बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची बीए असा क्रम असेल तर काही अडचण नाही. बारावी न करता मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून बीए केले असेल तर लॉ सीईटीत, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेत, चांगले गुण पडूनही कागदपत्रांच्या तपासणीत नाव गळते. पदवीनंतर बारावी दिली तरी आधीची पदवी दुरुस्त होत नाही. अशांसाठी सरळ मार्ग एकच: फॉर्म नंबर १७ भरून नाशिक विभागीय मंडळाकडून बाहेरून बारावी करायची, खुल्या प्रवर्गात किमान ४५ टक्के मिळवायचे आणि पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमाची सीईटी द्यायची. लांबचा आहे, पण पक्का आहे. तीन वर्षांच्या पदवीलाही पदवीत ४५ टक्के लागतात. इतर मागासवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पंधरा वर्षांपूर्वीची गुणपत्रिका काढून आधी टक्केवारी बघावी.

गुणपत्रिका काढलीच आहे तर नावेही तपासा. दहावीच्या कागदावर माहेरचे नाव आणि वडील, पदवीवर सासरचे आडनाव आणि नवरा, आधारवर तिसरेच काहीतरी, जातीचा दाखला पुन्हा माहेरचा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र यांनी ही साखळी जोडावी लागते. लग्नाची नोंदणीच केलेली नसेल तर ते काम सीईटीच्या अर्जाआधी उरकावे. प्रवेशफेरी सुरू झाल्यावर मिळणारे दिवस त्याला पुरत नाहीत. शिक्षणात खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्रही तेव्हाच करून ठेवावे.

सीईटीची फार धास्ती घेऊ नये. दोन तासांचा संगणकावरचा पेपर, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, प्रश्न मराठीतही असतात. पालक अडतात ते हजेरीत. दूरशिक्षणाने किंवा रात्रीच्या वर्गाने मिळालेली कायद्याची पदवी बार कौन्सिलला चालत नाही. वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळातच भरवता येतात, आठवड्याला किमान ३० तास, आणि प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी. म्हणजे आठवड्याला २१ तास प्रत्यक्ष वर्गात. आता दुसरीकडे बघा: चौथीपर्यंतची शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नये, असा राज्य सरकारचा २०२४ चा निर्णय आहे. आईचा तास आठला आणि लेकराची शाळा नऊला. तो मधला एक तास आणि सिटीलिंकच्या बसची वाट, यावर पहिल्या सत्राची हजेरी जाते. घरात किंवा शेजारी त्या तासाची पक्की सोय झाल्याशिवाय फी भरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. पूर्ण वेळ पगारी नोकरी चालू असताना वकिली करता येत नाही, आणि अनुभवाची वर्षे तर सनदेनंतरच, म्हणजे वकिलीचा परवाना मिळाल्यावरच, मोजली जातात. तेव्हा पदवीनंतर निदान दोन वर्षांचा घरखर्च बाजूला हवा, कारण ज्युनिअरला सुरुवातीला जे मिळते त्यात घर चालत नाही.

सनदेच्या खर्चाबद्दल मात्र दिलासा आहे. ३० जुलै २०२४ च्या निकालाने नोंदणी शुल्क कायद्यात आहे तेवढेच, म्हणजे खुल्या प्रवर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, घ्यायचे ठरले आहे. मुद्रांक शुल्क वेगळे. वकिलीसाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा १०० प्रश्नांची आहे आणि तिथे टिपणे नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात.

त्या कायद्यांवरूनच सांगतो, जुनी पुस्तके स्वस्तात घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. खुनाचे कलम ३०२ आता १०३ झाले, फसवणुकीचे ४२० आता ३१८, अटकपूर्व जामिनाचे ४३८ आता ४८२. गोंधळ इथेच होतो, कारण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ४८२ होतेच, पण ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे. ते आता ५२८ वर गेले. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड संहितेखालीच चालतात, त्यामुळे न्यायालयात काम करणाऱ्याला दोन्ही आकडे पाठ लागतात. कोष्टकाचा कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवावा.

मग पस्तिशीनंतर उरते काय? बरेच उरते. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींचा बचाव करणाऱ्या कार्यालयात, सहायक लोकअभिरक्षक या पदाला ० ते ३ वर्षांची वकिली चालते, उपमुख्य पदाला फौजदारीतली ७ आणि मुख्य पदाला १० वर्षे लागतात. नेमणूक कंत्राटी असते आणि त्या काळात खासगी खटले घेता येत नाहीत, पण फौजदारी काम शिकायला याहून चांगली जागा नाही. सत्र न्यायालयात सरकारी वकील म्हणून नेमणुकीसाठी सात वर्षांची वकिली हवी. पदवी होण्याआधीच विधी सेवा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक होता येते. आणि बाल न्याय मंडळ (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी) व बालकल्याण समिती (आधाराची गरज असलेल्या मुलांसाठी) इथे तर पस्तिशी आडवी येतच नाही. सदस्याचे वय किमान ३५ असावे लागते, बालकांच्या शिक्षण, आरोग्य किंवा कल्याणाच्या कामाचा सात वर्षांचा अनुभव लागतो, आणि मंडळावरच्या दोन समाजकार्यकर्त्या सदस्यांपैकी एक स्त्री असलीच पाहिजे. अंगणवाडीत, शाळेत, वस्तीत मुलांसाठी वर्षानुवर्षे राबलेल्या बायकांनी पदवीसोबत त्या अनुभवाचे दाखले आजपासून जमवावेत: संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, कामाचे स्वरूप आणि तारखा लिहून. ‘समाजकार्याची आवड आहे’ एवढ्यावर निवड होत नाही.

आमची मागणी साधी आहे. नाशिकमधील कायद्याच्या महाविद्यालयांनी आणि सीईटीच्या शिकवण्यांनी फी घेण्याआधी एका पानाचे मराठी पत्रक हातात द्यावे. त्यात पदनिहाय वयोमर्यादा, लहान कुटुंबाची अट, पूर्वतयारीवरून झालेल्या पदवीचा नियम आणि हजेरीचे तास एवढे चारच मुद्दे असावेत, आणि अर्जदाराने ते वाचल्याची सही करून एक प्रत घरी न्यावी. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांनीही पूर्वतयारीला नाव घालतानाच विचारावे, पुढे वकिली करायची आहे का.

आपले,
विधी प्रवेशाबाबत मार्गदर्शन करणारे दोघे वाचक,
गंगापूर रोड, नाशिक