एन्झाइमची गोळी मनापर्यंत पोचते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोट हलकं झालं की मन हलकं होतं, म्हणून पाचक एन्झाइमच्या, म्हणजे अन्न फोडून पचवणाऱ्या प्रथिनांच्या, गोळ्यांनी उदासी जाते, असा सूर आपल्या आरोग्य पुरवणीतल्या लेखात होता. यातलं पहिलं अर्धं वाक्य मला पटतं. दुसऱ्या अर्ध्यापायी माझ्या थोरल्या बहिणीचे आठ महिने गेले, म्हणून हे पत्र.

ताईचं पोट जेवल्यावर तासाभरात गच्च व्हायचं. चारचौघांत जेवायला बसणं ती टाळू लागली आणि त्याच सुमारास गप्प होत गेली. कुणीतरी एन्झाइमची कॅप्सूल सुचवली. पहिले तीन आठवडे खरंच फरक पडला. पोट फुगणं कमी झालं, झोप लागू लागली, चेहऱ्यावर थोडं तेज आलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गोळीत काही नसतं, असं मी म्हणणार नाही.

नंतर कळलं की तिला दूध पचत नव्हतं. लॅक्टेज हे एन्झाइम कमी पडलं की दुधातली साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि पोटात वायू धरतो. बाहेरून लॅक्टेज मिळालं की हा त्रास कमी होतो आणि दिवसभराची कुरकुर थांबली की माणूस मोकळा होतो. पण ही गोळी काम करते ती आतड्यात, अन्नावर. मेंदूशी तिची गाठ पडत नाही.

मनःस्थितीशी जोडलं जाणारं सेरोटोनिन हे रसायन शरीरात ९० टक्क्यांहून अधिक पोटात तयार होतं, असं लेखात ठळक टाइपात होतं. ते खरंच आहे. पण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा ते ओलांडत नाही, हे लेखात नव्हतं. मेंदू आपलं सेरोटोनिन स्वतः बनवतो. त्यासाठी लागणारं ट्रिप्टोफॅन अन्नातल्या प्रथिनांतून येतं, तेही इतर अमिनो आम्लांशी स्पर्धा करत एकाच दारातून आत शिरतं. शिवाय पाचक एन्झाइम बनवणाऱ्या निरोगी स्वादुपिंडाकडे त्यांचा साठा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्याची क्षमता १० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत चरबीचं पचन सहसा बिघडत नाही. अशा माणसाला वरून आणखी एन्झाइम दिल्यानं मेंदूला जास्त काही मिळत नाही.

ज्यांचं स्वादुपिंडच थकलं आहे, त्यांची गोष्ट वेगळी. सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार किंवा जुनाट स्वादुपिंडदाह असलेल्यांना डॉक्टर एन्झाइम लिहून देतात. त्यांच्यात बी-१२ जीवनसत्त्वाचं शोषणही अडखळू शकतं आणि बी-१२ कमी पडलं की थकवा, विसराळूपणा, उदासी येऊ शकते. तिथं एन्झाइम आणि मनाचा संबंध खरा आहे, पण तो आधी तपासण्यांतून दिसावा लागतो.

वागणुकीवरच्या परिणामाचा पुरावा तोकडा आहे. ऑटिझम असलेल्या ४३ मुलांवरची पाचक एन्झाइमची एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली, तिच्यात वागण्यात ठोस फरक दिसला नाही. २०१५ सालच्या दुसऱ्या एका चाचणीत सुधारणा नोंदवली गेली. एवढ्या भांडवलावर बाटलीवर ‘मन प्रसन्न’ छापायला नको होतं. ताईच्या बाटलीवर ते होतं, तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठ्या समाधानानं हसणाऱ्या बाईच्या फोटोखाली.

उलटा रस्ताही असतो, तो लेखात आलाच नाही. अमेरिकेतल्या विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरनं एका जखमी माणसाच्या पोटाला पडलेल्या भोकातून पचन वर्षानुवर्षं पाहिलं आणि १८३३ साली ते पुस्तकात मांडलं. तो माणूस चिडला की त्याचं पचन बिघडायचं, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे दर वेळी पोटच मनाला बिघडवतं असं नाही.

ताईचंही बरंचसं तसंच होतं. सुरुवातीचा उत्साह ओसरला तशी ती एकाच्या दोन, दोनाच्या तीन कॅप्सूल घेऊ लागली. आठव्या महिन्यात एका रात्री तिनं ताटाशेजारी तीन कॅप्सूल ओळीनं मांडल्या, पाण्याबरोबर गिळल्या आणि एकही घास न घेता ताट सरकवलं. “भूक नाही गं, पण गोळ्या चुकवायच्या नाहीत.” पचवायला पोटात काही नव्हतं आणि ती पचनाची गोळी घेत होती. मी तिथंच उठले आणि दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटाआधी झोपेचं विचारलं. पहाटे जाग येते का, पूर्वी आवडायचं ते आता करावंसं वाटतं का? आठ महिन्यांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. तिला नैराश्य होतं. औषधं आणि समुपदेशन सुरू झालं, श्वासाच्या तपासणीत दुधाचं कारणही सापडलं.

आता ती दुधाबरोबर लॅक्टेजची गोळी घेते. परवा घ्यायची विसरली, पोट फुगलं, आणि तशा फुगलेल्या पोटानं माझ्याशी फोनवर पाऊण तास हसून बोलली.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा शेजारी एक चौकट द्या. वजन उतरत असेल, शौचातून रक्त किंवा तेलकटपणा जात असेल, तर गोळीआधी तपासणी. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर अननसातलं ब्रोमेलेन असलेली गोळी विचारल्याशिवाय नको. आणि दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, तर पोटाचं काहीही असो, डॉक्टरांशी बोला. लेखापेक्षा ती चौकट जरा मोठ्या टाइपात असावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक