काका, मोतीला तुम्ही दुपट्ट्यात गुंडाळून नेलंत

आदरणीय काका,

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "राहू दे बाई" म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशांची पहिली जोडी "वेगवेगळ्या रक्ताची" म्हणून मला विकली गेली. ती सख्खी भावंडं निघाली. विकणाऱ्यानं नंतर माझा फोनच उचलला नाही. जुलैत माद्या गाभण राहिनात, तेव्हा एका जाणकारानं पिंजऱ्यांकडे न बघताच सांगितलं, दोन्ही नर काढून टाका. तुम्ही मात्र आल्या आल्या वरच्या पत्र्याला हात लावून पाहिलात. "अवं, नागपूरच्या मे महिन्यात याच्याखाली नराचं बीज कसं टिकन? दोन महिने थांब." थांबले. सप्टेंबरात त्याच दोन्ही नरांपासून माद्या गाभण राहिल्या, आणि एकतिसाव्या दिवशी पहिल्या खोक्यात पिल्लांवरची लोकर हलायला लागली. यंदा होळीलाच वाळ्याच्या ताट्या आणि कूलर लावलाय.

किती जन्मली यापेक्षा महिन्याभरानं किती जगली, वजन किती भरलं, हे प्रत्येक मादीच्या नावापुढे लिहायला तुम्ही शिकवलंत. त्या वहीमुळेच माझा कळप सुधारतोय.

पण मनातून जात नाही तो एप्रिलचा दिवस. मोती त्या भावंडांच्याच पोटचा. भरदार पाठ, ताठ कान. प्रदर्शनात हाच पहिला येणार म्हणून मी त्याला जपलं होतं. तुम्ही अंगठ्यानं त्याचा ओठ वर केलात. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आलेले. सशाचे दात जन्मभर वाढतात, एकमेकांवर घासले नाहीत तर तोंडाबाहेर येतात आणि खाणंच बंद पडतं. हा दोष रक्तातून पुढे जातो, म्हणून मोती पैदाशीतून बाद. हे मला कळत होतं, तरी रडू आवरेना. बाद म्हणजे पुढे काय, तेही कळत होतं.

तुम्ही डोक्याचा दुपट्टा सोडलात, नळाखाली भिजवून पिळलात आणि मोतीला त्यात गुंडाळून छातीशी धरलंत. "काहून रडून राहिली? नातीले ससा पाहिजेच होता. दात मी कापत जाईन." आणि भर दुपारी उघड्या डोक्यानं स्कूटरला किक मारलीत.

जनावरांचं शास्त्र जाणणारे बरेच भेटले. माझ्या लाडक्या सशाला नको असलेला माल न समजणारे तुम्ही एकटेच. असा चांगुलपणा कुठल्या फीमध्ये बसत नाही हो काका.

बाहेरच्या रक्ताचा नर लावून झालेल्या वेतात सात पिल्लं आहेत, सातही जगली. दात मला सरळ दिसतात, पण तुमचा अंगठा लागल्याशिवाय मी वहीत लिहिणार नाही. रविवारी या. नातीलाही आणा, आणि मोतीचा फोटो.

तुमचीच,
ससेवाली