आयोडीन उडून गेलं. प्रयोगशाळेसाठी मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यानंतर आपल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतली आयोडीनची बाटली काढली, तर आत काहीच नव्हतं. झाकण तडकलेलं, लेबल तपकिरी पडलेलं, आणि कपाटाच्या बिजागऱ्या इतक्या गंजलेल्या की दारच हातात आलं. आधी सगळ्यांनी समुद्राच्या खाऱ्या हवेच्या नावाने बोटं मोडली. मग रसायनशास्त्राच्या बाईंनी उलगडा केला. आयोडीन न वितळताच हळूहळू वाफ होऊन उडतं. झाकणाच्या फटीतून ते महिनोन्‌महिने निघून गेलं आणि जाता जाता बिजागऱ्या खाऊन गेलं.

म्हणजे संप्लवनाचा प्रयोग झाला, फक्त बघायला कोणी नव्हतं.

बारावीला आवर्त सारणीतला (मूलद्रव्यांच्या तक्त्यातला) गण १७ आहे: फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. मुलांना पाठ सगळं आहे. फ्लुओरीन फिकट पिवळा वायू, क्लोरीन हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन लालसर तपकिरी द्रव, आयोडीन जांभळट काळे चकचकीत स्फटिक. उत्कलनांकही घडाघडा सांगतात: उणे १८८, उणे ३४, ५९, १८४ अंश सेल्सिअस. रेणूतले इलेक्ट्रॉन वाढत जातात तशी रेणूंमधली ओढ वाढते, म्हणून वरचे दोन वायू, मग द्रव, मग स्थायू. उत्तराला पूर्ण गुण मिळतात. पण परवा एका मुलीने विचारलं, "बाई, ब्रोमीन काकवीसारखं असतं का?" रंगाचा अंदाज फार चुकला नव्हता. मात्र ब्रोमीन काकवीसारखं दाट नसतं. ते चांगलं पातळ असतं, तरी पाण्याच्या तिपटीहून जड, आणि बाटलीतल्या मोकळ्या जागेत त्याची तांबूस वाफ सतत भरलेली दिसते. हे शब्दांत सांगावं लागलं, कारण दाखवायला काही नाही.

म्हणून समितीने ठरवलं आहे की यंदा आधी प्रयोगशाळा, प्रवेशद्वाराची कमान नंतर.

सगळ्यात मोठा खर्च फ्यूम कपबोर्डचा आहे: काचेचं दार असलेलं कपाट आणि छतावरून बाहेर हवा फेकणारा पंखा. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतं, खाली साचून राहतं. आज परीक्षानळीत थोडंसं तयार केलं तरी खिडक्या उघडून मुलांना व्हरांड्यात काढावं लागतं. कपाट मिळालं की क्लोरीनचं पाणी पोटॅशियम आयोडाइडमध्ये घालून सुटलेल्या आयोडीनचा रंग वर्गातच दाखवता येईल. त्याखेरीज काचेच्या बंद कुपीतला ब्रोमीनचा नमुना, नवं आयोडीन (या वेळी घट्ट फिरकीच्या झाकणाचं), क्षार परीक्षणासाठी सिल्व्हर नायट्रेट, आयोडीनचे डाग आणि सांडलवंड आवरायला हायपो (सोडियम थायोसल्फेट), आणि प्रत्येक मुलाला गॉगल. सिल्व्हर नायट्रेट महाग, त्यामुळे सध्या थेंब मोजून वापरतो. क्लोराइडचा पांढरा आणि आयोडाइडचा पिवळा साका एकाच मुलाने करायचा आणि बाकीच्यांनी मान उंचावून पाहायचा, अशी गत आहे.

फ्लुओरीन मागत नाही, घाबरू नका. ते वेगळं करताना कित्येक रसायनशास्त्रज्ञ जायबंदी झाले, काहींचा जीव गेला. १८८६ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ म्वासाँ यांना ते जमलं आणि १९०६ चं नोबेल मिळालं. ते पुस्तकातच बरं.

मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना खास विनंती: कृपा करून कोणीही रसायनं स्वतः विकत घेऊन एसटीने किंवा रेल्वेने आणू नयेत. भावना पोचते, पण बाटली वाटेत फुटली तर अख्खा डबा रिकामा करावा लागेल. रोख रक्कम कोणाच्याही हातात देऊ नका. धनादेश संस्थेच्या नावाने काढा आणि कार्यालयातून पावती घ्या. पुरवठादारांची दरपत्रकं तिथेच पाहायला ठेवली आहेत. गवंडीकाम, वायरिंग, सुतारकाम येणाऱ्यांनी दोन दिवस दिले तरी मोठी मदत होईल. बिजागऱ्या मात्र या खेपेला लोखंडी नकोत.

गणपतीला गावी याल तेव्हा शाळेत चक्कर मारा. बाईंनी ती रिकामी बाटली जपून ठेवली आहे.

आपले,
शाळा समिती व विज्ञान विभाग