दिल्लीला गेलेल्या मुक्तास

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. आई म्हणते, आता पत्र-बित्र नको, पोरीला कामाला लागू दे. पण निघायच्या आदल्या रात्रीचं बोलणं अर्धवटच राहिलं आणि तू ताट उचलून आत गेलीस. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय. कांद्याचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय.

आपल्या घरातलं कुणी केंद्र सरकारच्या सल्लागाराच्या कार्यालयात बसेल असं अण्णांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी अख्ख्या लोणी गावात साखर वाटली असती. मी वाटली नाही, पण बँकेतल्या सगळ्या जुन्या मंडळींना कळेल अशी व्यवस्था केली. नंदूकाकाने लगेच विचारलं, "मग माझं ते काम होईल का?" मी उत्तर दिलं नाही. तूही देऊ नकोस.

तुझ्या साहेबांचं तू कौतुक केलंस. तीन सरकारं आली-गेली, साहेब सल्लागार राहिलेच. हुशार असतील, नाही म्हणत नाही. पण तिन्ही वेळा त्यांचं मत नेमकं त्या त्या सरकारशी कसं जुळलं, हे त्यांना एकदा विचार. म्हणजे, विचारू नकोस. पहिल्याच महिन्यात कुठे विचारतेस.

माणूस शिकतो, मत बदलतं, असं तू म्हणालीस. बदलावंच. फक्त ते कधी बदललं, नेमणुकीच्या आधी की नंतर, याची तारीख आपली आपल्याला ठाऊक असावी. डिसेंबर 2023 मध्ये निर्यात बंद झाली तेव्हा तू लासलगावला जाऊन आलीस, लेख लिहिलास. परवा म्हणालीस, ग्राहकाचाही विचार करावा लागतो. अगं, ग्राहक तेव्हाही होताच की. बघ, आलोच कांद्यावर.

मनमोहन सिंगांचं बघ. 1991 ला अर्थमंत्री म्हणून त्यांनी अर्थव्यवस्थेची दारं उघडली तेव्हा लोक म्हणाले, नियोजनवाल्याने कोलांटउडी मारली. पण भारताने निर्यातीबद्दल इतकं निराश असायचं कारण नाही, हे त्यांनी 1964 च्या पुस्तकातच मांडलं होतं. म्हणजे मत खुर्चीपेक्षा जुनं. आता मधल्या काळात तेच मुख्य आर्थिक सल्लागार होते, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि परवान्यांचं राज्य चालूच होतं, हेही खरं. त्याचा हिशेब कसा मांडायचा ते मला अजून जमलेलं नाही.

बी. आर. शेणॉय सोपे. 1955 साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी अर्थतज्ज्ञांचं मंडळ नेमलं, त्यात त्यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली, की एवढा तुटीचा अर्थभरणा, म्हणजे नोटा छापून खर्च भागवणं, देशाला झेपणार नाही. दोन वर्षांत परकीय चलनाची टंचाई आलीच. पण सह्या करणारे बाकीचे सगळे संधिसाधू होते असं मी म्हणणार नाही. बहुतेकांचा मनापासून विश्वास होता. मला भीती वाटते ती याचीच. संधिसाधू माणसाला आपण काय करतोय ते आतून कळत असतं. खरी पंचाईत विश्वास असणाऱ्याची.

म्हणूनच परमेश्वर नारायण हक्सर माझ्या डोक्यातून सुटत नाहीत. डावा विचार त्यांनी लंडनला शिकत असतानाच घेतला होता, पदासाठी घेतलेला नव्हता. 1967 ला ते इंदिराबाईंचे सचिव झाले, 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्यात त्यांचा मोठा वाटा. (आमची नोकरी सहकारी बँकेतली, तरी त्या जुलैच्या गोष्टी साहेब लोक आम्हाला रंगवून सांगत.) अधिकाऱ्याला धोरणाशी बांधिलकी हवी, हा त्या काळचा मंत्र, आणि हक्सर त्यातले बिनीचे. पुढे धोरणाच्या जागी बाई आल्या आणि बाईंच्या मागोमाग चिरंजीव. हक्सरांनी संजयच्या मोटारीच्या कारखान्याला विरोध केला, 1973 ला पंतप्रधानांच्या कार्यालयातून बाहेर पडले. आणीबाणी लागली तेव्हा ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. त्याच दिवसांत कनॉट प्लेसमधल्या त्यांच्या म्हाताऱ्या चुलत्यांच्या दुकानावर धाड पडली, चुलत्यांना अटक झाली. तरी हक्सरांनी पद सोडलं नाही. का? निष्ठेपोटी, की बाहेर पडून करायचं काय म्हणून? ज्या सत्तेला त्यांनी एवढं बळ दिलं ती त्यांच्याच घरात शिरली, आणि हे स्वच्छ माणसाच्या बाबतीत घडलं, मुक्ता.

फार झालं. व्याख्यान द्यायला बसलो नव्हतो, माफ कर. तुझं वाचन माझ्यापेक्षा दांडगं आहे. दिल्लीत पाणी उकळून पी. आत्याचा गुडघा बरा आहे, चुलीजवळ बसू नको म्हटलं तरी बसते.

अण्णा अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांबद्दल सांगायचे तेव्हा आवाज खाली आणायचे. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष, तेव्हा अण्णा वजनकाट्यावर होते. नियोजन आयोगात गेल्यावर धनंजयरावांनी राज्यांना पैसा वाटायचं सूत्र 1969 ला बसवलं: 60 टक्के लोकसंख्येवर, बाकीचा पैसा दरडोई उत्पन्न, करवसुली वगैरेवर. आधी बरंचसं दिल्लीच्या मर्जीवर चालायचं. म्हणजे सल्लागाराच्या जागी बसून त्यांनी मर्जीचाच वाव कमी केला. 1971 च्या निवडणुकीनंतर नवा आयोग नेमायचं ठरलं, ते पायउतार झाले आणि पुण्याला परतताना गाडीतच वारले. अण्णांना हे सांगताना पुढचं बोलता येत नसे. तुला तरी आठवतंय का? तू लहान होतीस, त्यांच्या मांडीवर झोपून जायचीस.

तू गाडगीळ हो असं मी म्हणत नाही. नोकरी कर, घरभाडं भर, सुखाने राहा. साहेबांनी सांगितलेली टिपणंही लिही, पगार त्याचाच आहे. पण आपल्याला खरोखर काय वाटतं ते वेगळ्या वहीत, तारीख घालून लिहीत जा. कुणाला दाखवू नकोस. मलाही नको.

गीझर दुरुस्त करून घे, घरमालकाच्या भरवशावर राहू नकोस. पहिल्या पगारात आईला साडी आणू नकोस, कपाटात जागा नाही, असं तीच म्हणते आहे. खरं धरू नकोस.

आणखी एक. तुझ्या लासलगावच्या लेखाचं कात्रण माझ्या फायलीत आहे. मुलाखतीत त्या लेखाचा विषय निघाला होता का, हे तू सांगितलं नाहीस. निघाला असेल तर तू काय म्हणालीस तेवढं कळव.

तुझे,
बाबा