परसातल्या पाखरांची तारीखवार नोंद वर्तमानपत्रात यावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या सोलापूर आवृत्तीत उजनीची पाणीपातळी, बाजार समितीतील कांद्याचे भाव आणि शहराचे तापमान नेमाने छापून येते. त्याच पानावर आठवड्यातून एकदा चार बोटे जागा शहरात आणि आसपास दिसलेल्या पक्ष्यांच्या नोंदींना द्यावी, आणि येत्या रविवारची पक्षिफेरी कोठून व किती वाजता निघणार आहे एवढी एक ओळ त्याखाली छापावी, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. लेख किंवा छायाचित्रांची पुरवणी मी मागत नाही. कोणता पक्षी, कोणत्या दिवशी, कोणत्या भागात आणि किती संख्येने दिसला, एवढेच वाचकांनी कळवावे आणि आपण ते छापावे.

मी निवृत्त शिक्षिका असून जुळे सोलापुरात राहते. आम्ही दहा-बारा जण महिन्यातून दोन रविवारी पहाटे पक्षी पाहण्यास निघतो. कधी धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे जुन्या सोलापूरकरांचा कंबर तलाव, कधी स्मृती उद्यान, तर कधी तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव. आमच्यापैकी तिघांकडेच दुर्बिणी आहेत आणि त्या हातोहात फिरतात. नव्याने येणाऱ्याला दुर्बीण नसल्याचा संकोच वाटतो, पण पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत डोळ्यांपेक्षा कानांचेच काम अधिक असते. टिटवी, सातभाई, तांबट आणि शिंपी एवढे चार आवाज ओळखू येऊ लागले, की पाचवा आवाज वेगळा असल्याचे आपोआप ध्यानात येते.

ही मागणी मनात घोळू लागली ती चिमणीमुळे. आमच्या फेरीतील जवळजवळ प्रत्येक ज्येष्ठ व्यक्ती सांगते की, पूर्वी घरात आरशावर चोच मारणाऱ्या चिमण्या असत, वळचणीला घरटी असत आणि आता त्या गल्लीत दिसत नाहीत. ही हळहळ मनापासूनची असते. परंतु कोणत्या गल्लीतून, कोणत्या वर्षी त्या गेल्या आणि कोणत्या गल्लीत त्या आजही आहेत असे विचारले, तर कोणापाशीच उत्तर नसते, कारण त्या असताना त्यांची नोंद करावी असे कोणाला वाटले नाही. (जुन्या पेठांतील कौलारू घरांच्या बाजूला त्या अजूनही आहेत, हे मी स्वतः पाहिले आहे.) माळढोकाची गोष्ट निराळी. तो मोठा आणि देखणा पक्षी, त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य घोषित झाले, नान्नजचे नाव देशभर पोहोचले, त्याची शिरगणतीही होत आली, म्हणून तो आपल्या माळावर किती उरला हा प्रश्न निदान विचारला तरी गेला. आज नान्नजला जाऊन माळढोक न दिसता परतणे हीच रीत झाली आहे आणि त्याचे दुःख सर्वांना आहे. पण त्याच माळावरची धाविक, पखुर्डी किंवा माळटिटवी उद्या विरळ झाली, तर ते आपल्या लक्षात तरी येईल का? साध्या पक्ष्यांची साधी नोंद कोणी ठेवत नाही, आणि नोंद नसली की उणीवही दिसत नाही.

सोलापूर म्हणजे ऊन, धूळ आणि बोडके माळ, असे बाहेरचेच काय, आपणही बोलतो. प्रत्यक्षात या शहरातल्या लहानशा परसातही वर्षभर येणे-जाणे चालू असते. हस्ताचा पाऊस सरला आणि सकाळी किंचित गारवा आला, की आमच्या कुंपणावर काळा थिरथिरा येऊन बसतो. नर काळसर, पोट विटकरी, आणि शेपटी सतत थरथरणारी. एकदा पाहिलेला माणूस त्याला पुन्हा विसरत नाही. त्याच सुमारास मोकळ्या मैदानांत आणि गच्च्यांवर पांढरा धोबी शेपटी वरखाली हलवीत तुरुतुरु धावू लागतो. दसऱ्याच्या आगेमागे विजेच्या तारांवर चाष, म्हणजेच नीलपंख, दिसू लागतो. आमच्या फेरीत पूर्व भागातील एक तेलुगू भाषक गृहस्थ येतात. त्यांच्या घरी दसऱ्याला ‘पालपिट्टा’चे दर्शन घेण्याची प्रथा असल्याचे त्यांनी सांगितले, तेव्हा आपण ज्याला चाष म्हणतो तोच हा, हे आम्हाला उमगले. तेलंगणा आणि कर्नाटक या आपल्या दोन्ही शेजारी राज्यांचा तो राज्यपक्षी आहे. सोलापूरसारख्या तीन-चार भाषा नांदणाऱ्या शहरात एकाच पक्ष्याची किती नावे चालतात, हेसुद्धा या नोंदींतून कागदावर येईल, असे मला वाटते.

हिवाळा भरात आला, की खरी गर्दी पाण्यावर होते. १८७१च्या सुमारास पूर्ण झालेला हिप्परग्याचा एकरुख तलाव त्या दिवसांत जरूर पाहावा. थापट्या, तलवार बदक आणि चक्रवाक ही पाहुणी मंडळी तेथे उतरतात. काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि बुडाशी लाल ठिपके असलेले आपले हळदी-कुंकू बदक त्यांच्यात मिसळून असते. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा असलेला वारकरी पक्षी शेकड्यांनी तरंगताना दिसतो. कार्तिकीच्या दिवसांत आमच्यातले कोणी ‘हिप्परग्याला वारकरी आले’ असे सांगते, तेव्हा नव्या माणसाला आधी पंढरपूरच आठवते, आणि ज्याने हे नाव ठेवले त्याच्या नजरेचे मला दर वेळी कौतुक वाटते. माळावर याच काळात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून, पंख जेमतेम हलवीत फिरतात. मध्य आशियातून ते येथवर येतात ते या गवतासाठी आणि त्यातील नाकतोड्यांसाठी. त्या गवताला आपण सरकारी भाषेत पडीक जमीन म्हणतो.

भोरड्यांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सोलापूरचा पक्षी म्हणून एकच निवडायचा झाला तर मी भोरडीच निवडीन. गुलाबी अंग आणि काळे डोके असलेली ही मैना पूर्व युरोप आणि मध्य आशियातील आपली वीण उरकून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आपल्याकडे येते आणि साधारण एप्रिलपर्यंत राहते. होळीच्या सुमारास फुललेल्या पळसावर ती हटकून दिसते, म्हणून तिला पळसमैना असेही म्हणतात. संध्याकाळी झोपण्याच्या झाडांवर उतरण्यापूर्वी हजारो भोरड्यांचा थवा आकाशात पसरतो, आक्रसतो, वळतो. ते दृश्य ज्याने कंबर तलावाच्या काठावर उभे राहून पाहिले आहे, त्याला सोलापुरात पाहण्यासारखे काय आहे असा प्रश्न पडणार नाही. ज्वारी उत्पादकाची भोरडीकडे पाहण्याची दृष्टी अर्थातच वेगळी आहे. कणीस हुरड्यात आले, की हा थवा शेतात उतरतो आणि राखणीला बसलेल्या माणसाला माळ्यावरून गोफण फिरवीत दिवस काढावा लागतो. हीच भोरडी टोळ आणि नाकतोडेही फस्त करते हे खरे असले, तरी शेतकऱ्याचे नुकसान खोटे ठरत नाही. म्हणूनच भोरड्या यंदा कोणत्या आठवड्यात आल्या, मंगळवेढ्यात कधी आणि बार्शीकडे कधी पोहोचल्या, याची नोंद आमच्यासारख्या हौशी मंडळींपेक्षा शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाची आहे, आणि ती नोंद आमच्यापेक्षा तोच अधिक अचूक देऊ शकेल.

उन्हाळ्यात कोकिळ आणि तांबट दिवसभर बोलत राहतात. जांभळ्या शिंजिराचा नर, जो हिवाळ्याच्या आरंभी गळ्यावरच्या एका गडद पट्ट्याशिवाय मादीसारखाच दिसत होता, तो आता उन्हात निळा-जांभळा चमकतो. मृगाच्या तोंडावर पावशाचे ‘पेरते व्हा’ ऐकू येते आणि चातक दाखल होतो. या चातकाची पहिली तारीख दर वर्षी निरनिराळ्या गावांतून छापून आली, तर पावसाच्या वाटचालीशी ती ताडून पाहता येईल. मे अखेर ते जूनच्या काळात आणखी एक पाहुणा अवचित परसात सापडतो, तो नवरंग. हा पक्षी रात्री प्रवास करतो आणि थकून किंवा काचेवर आदळून अंगणात पडलेला आढळतो. अशा वेळी त्याला पाणी पाजण्याचा आग्रह न धरता, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात शांत ठेवून वनविभागाला कळवावे. वर्तमानपत्रात वेळेवर आलेली अशी एक ओळ काही पाखरे नक्कीच वाचवील.

हे सर्व भ्रमणध्वनीवरील अ‍ॅपवर नोंदवता येते, मग वर्तमानपत्राची काय गरज, असे कोणी विचारील. ई-बर्डसारख्या व्यवस्थेचे महत्त्व मी जाणते. फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जागतिक गणनेत आम्हीही भाग घेतो. तिच्यात किमान पंधरा मिनिटे एका जागी पाहून यादी करायची असते आणि ते कोणालाही जमण्यासारखे आहे. परंतु तेथे माहिती भरणारे हात आमच्या शहरात थोडे आहेत, आणि ज्यांना पाखरे खरोखर माहीत आहेत असे राखणदार, मेंढपाळ, तलावावरचे कोळी बांधव आणि पहाटे सडा घालणाऱ्या बायका तेथवर पोहोचलेल्या नाहीत. वर्तमानपत्र मात्र चहाच्या टपरीवरही वाचले जाते. आपल्या भागाचे नाव छापून आलेले पाहिले, की माणूस दुसऱ्या दिवशी मान वर करून झाडाकडे पाहतो.

नोंद नसल्याने काय होते, याचा एक अनुभव सांगते. आमच्या वसाहतीजवळ चिंचेची जुनी झाडे आहेत आणि त्यांवर बगळे व ढोकरी दर पावसाळ्यात घरटी करतात. दोन वर्षांपूर्वी जूनच्या मध्यावर पावसाळापूर्व छाटणी म्हणून त्या झाडांच्या मोठ्या फांद्या उतरवण्यात आल्या. अंडी फुटली आणि पिले रस्त्यावर पडली. संबंधित कार्यालयात आम्ही गेलो, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने शांतपणे विचारले की, येथे दर वर्षी याच महिन्यात घरटी असतात याचा काही लेखी पुरावा आपल्याकडे आहे का. प्रश्न योग्य होता आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. छाटणी आवश्यकच असेल, तर ती फेब्रुवारीतही करता येते. पण हे पटवून देण्यासाठी तारखा लागतात, आणि छापील तारखांना जे वजन असते ते माझ्या वहीतील तारखांना नाही.

दोन अडचणी मला दिसतात. पहिली अचूकपणाची. मी स्वतः एका उन्हाळ्यात शिक्रा म्हणून नोंदलेला पक्षी पावशा निघाला, कारण दोघांची ठेवण आणि पोटावरच्या रेघा फसव्या सारखेपणाच्या असतात, आणि तो ओरडेपर्यंत माझी खात्री ढळली नव्हती. यावर उपाय असा, की ओळख पक्की नसेल तेथे नाव न लिहिता आकार, रंग, चोच आणि वागणे कळवावे. आमच्या गटातील अनुभवी मंडळी आठवड्याची पत्रे एकत्र बसून तपासून देण्यास तयार आहेत. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. घरट्याचे ठिकाण छापले, तर तेथे छायाचित्रकारांची रीघ लागते, फांद्या बाजूला सारल्या जातात, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर ओढले जाते आणि शेवटी आई-बाप घरटे टाकून जातात. म्हणून घरटी, घुबडांच्या ढोल्या आणि माळावरच्या दुर्मीळ पक्ष्यांच्या जागा कधीही छापू नयेत, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. फक्त तालुक्याचे नाव पुरे.

आरंभासाठी ५ नोव्हेंबर हा दिवस मला योग्य वाटतो. मारुती चितमपल्ली यांचा तो जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. चितमपल्ली सोलापूरचे. येथेच जन्मले आणि २०२५च्या जून महिन्यात येथेच निवर्तले. पक्ष्यांच्या मराठी नावांचे जे धन त्यांनी गोळा केले, ते त्यांच्या गावच्या वर्तमानपत्रात दर आठवड्याला वापरले जावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्या सप्ताहातील रविवारी सकाळी साडेसहा वाजता आमची फेरी संभाजी तलावावरून निघेल. कोणीही यावे, शुल्क नाही. भडक रंगाचे कपडे टाळावेत आणि पाण्याची बाटली सोबत घ्यावी.

नोंद कशी असावी, याचा नमुना म्हणून या आठवड्यातील माझ्या वहीतील तीन ओळी खाली देत आहे.

काळा थिरथिरा, नर, एक. जुळे सोलापूर, परसातील शेवग्याखाली, सकाळी सात. या हंगामातील पहिला.
भोरडी, अंदाजे चारशे. संभाजी तलावावरून पश्चिमेकडे, सायंकाळी सहा.
चिमणी, नर दोन, माद्या तीन. शुक्रवार पेठ, किराणा दुकानाच्या पत्र्यावर, दुपारी बारा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, जुळे सोलापूर