माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र: बारा मिनिटांचा हिशेब

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मालिकांमधल्या जाहिरातींबद्दल मी केलेली तक्रार परवा ‘निकाली’ निघाली. पोर्टलवर एकच ओळ: प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. आभारी आहे. निदान कुणी वाचली तरी.

नियम तुमच्याच खात्याचा आहे, साहेब. केबल टीव्ही नियमांतला ७(११). तासाला १२ मिनिटं. त्यातली १० जाहिरातींना, २ चॅनेलला स्वतःची टिमकी वाजवायला. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, तो राबवायला घेतला, चॅनेलवाले कोर्टात गेले आणि डिसेंबर २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, तूर्त सक्तीची कारवाई नको. तेव्हा माझी आई स्वतः उठून चहा करायची. आता एक्क्याऐंशीची आहे, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. रात्री आठची मालिका एवढाच तिचा विरंगुळा.

म्हणून दुधाच्या वहीत, मागच्या पानावर, मोबाइल लावून मोजलं. सोमवारी अर्ध्या तासात अकरा मिनिटं जाहिराती. मंगळवारी साडेअकरा. बुधवारी ब्रेक लागल्यावर आईला भांडं दिलं, पुसून घेतलं, चादर बदलली, गोळी दिली. तरी पडद्यावर ‘सोनं गहाण ठेवा’ म्हणणारा उभाच! माझी कंबर धरलेली, बायकोची नोकरी, बाई लावावी तर महिन्याला आठ हजार मागते. ते तुमच्या खात्यात येत नाही, सोडा.

जाहिराती कमी केल्या तर खायचं काय, हे चॅनेलवाल्यांचं रडगाणं. मग फुकट दाखवा की! महिन्याला केबलचे पैसे अधिक १८ टक्के जीएसटी, वर पे चॅनेलचे वेगळे, हे आम्ही कशाचे भरतो?

बरं, जिथे प्रेक्षक तिथे पैसा म्हणावं, तर तसंही नाही. २०२० मध्ये दूरदर्शनच्या फुकट फ्री डिशवरचं दंगल चॅनेल बार्कच्या, म्हणजे टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या, यादीत कित्येक आठवडे पहिलं होतं. जाहिरातीच्या दहा सेकंदांना त्याला स्टार प्लसचा भाव मिळाला का? खेड्यातला गरीब प्रेक्षक स्वस्त. अंथरुणावरची म्हातारी तर हिशेबातच नाही.

आणि मोजतात तरी किती? देशात टीव्हीची घरं वीस कोटींच्या वर, बार्कची मीटरं पन्नास-साठ हजार घरांत. साडेतीन हजार घरांमागे एक पेटी (माझं गणित कच्चं आहे, तुमचे अधिकारी तपासतील. तेवढं तरी करतील). टीआरपी घोटाळा गाजला तेव्हा ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत न्यूज चॅनेलांचं रेटिंगच बंद होतं. आरडाओरडा एक दिवस तरी थांबला?

दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी आईला ती जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. बोटं झिजलीत, ठसा उमटत नाही. चार-चारदा अंगठा दाबायचा, मशीन लाल दिवा दाखवतं. तेवढी खात्री करून घ्यायला सरकारला बरोबर जमतं.

आई हाक मारतेय. मालिका सुरू झाली की पुन्हा ब्रेक लागला, बघतो.

आपला,
कराडचा एक केबल ग्राहक